डोळा मारणारी गाडी

(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे आभार. या कार्यक्रमात आजवर पक्षीनिरीक्षण झालं, बोन्साय झालं, गेल्या वेळी तर जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर फार सुंदर व्याख्यान झालं. आणि आज मी, जुन्या गाडीचे दिवे हळू का उघडतात यावर बोलणार! विषय सांगितला तेव्हा सेक्रेटरीबाई फोनवर जरा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "चालेल हो, पण फार टेक्निकल नको." प्रयत्न करतो. आमची ही तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने घड्याळ काढून हातात धरलं की मी थांबेन, काळजी नसावी.

माझी गाडी म्हणजे १९७४ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट. २०१२ साली निवृत्त झाल्यावर घेतली. मिशिगनमध्ये उभा जन्म मोटारींच्या कारखान्यांत काढला, पण स्वतःसाठी कधी मिनिव्हॅनच्या पलीकडे गेलो नव्हतो. या गाडीला दिवसा डोळे नसतात. पुढचं नाक अगदी सपाट. दिव्यांचा खटका ओढला की नाकाच्या दोन्ही बाजूंची झाकणं उचलली जातात आणि दिवे वर येतात. लहान मुलं हे पाहून टाळ्या पिटतात. मोठी माणसं टाळ्या पिटत नाहीत, पण "पुन्हा एकदा करा ना" असं म्हणतात.

तर या दिव्यांना एक खोड असते. वय झालं की ते हळू उघडतात. त्यातही एक आधी उघडतो, दुसरा मागाहून. समोरून बघणाऱ्याला वाटतं गाडीने डोळा मारला. आम्ही सगळे जुने गाडीवाले यावर हसतो. मीही हसायचो, २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत.

त्या दिवशी आम्ही दोघं सायडर मिलवरून परत येत होतो. इथल्या मंडळींना ठाऊक आहे, शरद ऋतूत एकदा तरी सफरचंदाचा ताजा रस आणि गरम डोनट्स झालेच पाहिजेत. निघायला उशीर झाला. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, दुपदरी रस्ता, मध्ये पिवळी रेष. अंधारून आलं म्हणून मी दिव्यांचा खटका ओढला. नेमका तेव्हा चढ होता आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला होता. उजवा दिवा रेंगाळत का होईना, वर आला. डावा अर्ध्यावरच थांबला. अर्ध्यावर थांबलेल्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडत नाही, बंपरपुढच्या जमिनीवर पडतो. म्हणजे समोरून येणाऱ्याला माझा एकच दिवा दिसत होता, तोही उजवीकडचा, रस्त्याच्या कडेचा.

समोरून एक पिकअप ट्रक येत होता. त्याच्यापुढे मक्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. पिकअपवाल्याला वाटलं, समोरून कडेकडेने एक मोटारसायकल येते आहे, भरपूर जागा आहे. तो ट्रॅक्टरला ओलांडायला मधल्या रेषेवर आला. माझी अर्धी गाडी त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती! मी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, चाकं खडीत उतरली, आणि तो हॉर्न वाजवत निघून गेला. किती अंतर राहिलं होतं ते मी मोजलं नाही. हिने मोजलं असावं, कारण घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

इंजिन बंद केलं, खाली उतरून डावा दिवा हाताने उचलला आणि तसेच घरी आलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती एवढंच म्हणाली, "गाडी विका असं मी म्हणत नाही. पण दिवे नीट होईपर्यंत मी काही तुमच्याबरोबर बसायची नाही." मंडळी, इथून पुढचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे.

आधी थोडा इतिहास. दिवे लपवायची हौस जुनी आहे. १९३६ च्या कॉर्ड ८१० या गाडीचे दिवे हँडल फिरवून वर काढावे लागत. पुढे ही कल्पना फोफावली ती अमेरिकेतल्या नियमांमुळे. १९४० पासून इथे दिव्यांचं माप आणि आकार ठरलेला होता: गोल, बंद काचेचा, ज्याला सील्ड बीम म्हणतात. दिवा ठराविक उंचीच्या खालीही नको. स्पोर्ट्स कारच्या डिझायनरला तर नाक जमिनीला टेकवायचं असतं. मग करायचं काय? दिवसा दिवे आत झाकून ठेवायचे आणि रात्री वर काढायचे. १९६३ ते १९६७ च्या कॉर्व्हेटमध्ये हे काम विजेच्या मोटरी करायच्या. १९६८ साली नवं रूप आलं आणि ते काम व्हॅक्यूमकडे गेलं. ते १९८२ पर्यंत तसंच राहिलं. १९६२ साली आलेल्या इंग्लंडच्या लोटस एलानचे दिवेसुद्धा व्हॅक्यूमवरच उघडत. १९८३ साली इथला नियम सैल झाला, हव्या त्या आकाराचे दिवे करता येऊ लागले, आणि लपवण्याची गरजच हळूहळू संपली. २००४ साली कॉर्व्हेटनेही आपले उघडझाप करणारे दिवे सोडले.

आता एक आकडा लक्षात ठेवा, तीन. १९६९ पासून अमेरिकन सरकारचा नियम असा की, लपवलेले दिवे खटका दाबल्यापासून तीन सेकंदांत पूर्ण उघडले पाहिजेत. उणे २० फॅरनहाइटच्या थंडीतही आणि १२० फॅरनहाइटच्या उन्हातही. आम्ही मंडळी सात सेकंद लागले तरी "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणतो. पण गाडी नवी असताना तीनच सेकंद लागत होते. वय झालं म्हणून हळू, हे काही निदान नाही. डॉक्टरने आपल्याला असं सांगितलं तर आपण डॉक्टर बदलतो की नाही?

आता यंत्रणा. इथे सेक्रेटरीबाईंनी मला पाच मिनिटं माफ करावं.

आपल्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांनी विहिरीवरचा पंप पाहिलेला आहे. पंप वर, पाणी खाली, मध्ये पाइप. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. खरं तर पंप फक्त पाइपातली हवा काढतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तो दाब पाणी वर ढकलतो. म्हणून तर असा पंप दहा मीटरच्या वर पाणी उचलू शकत नाही, हवेची ताकदच तेवढी. आणि पाइपाच्या तळाशी काय असतं? फूटव्हॉल्व्ह. पंप बंद झाला की पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून. फूटव्हॉल्व्ह गळका झाला की दर सकाळी पाइपात बादलीने पाणी ओता, मग पंप सुरू करा. माझ्या लहानपणी काका हे काम माझ्याकडे द्यायचे.

कॉर्व्हेटचे दिवे म्हणजे तोच पंप, फक्त पाण्याऐवजी हवा. इंजिन चालू असताना पिस्टन सारखी हवा आत ओढत असतात, आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असला की हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. धडधाकट इंजिनात ती आयडलला साधारण १७ ते २० इंच पाऱ्याइतकी असते. १८ इंच म्हणजे बाहेरची हवा दर चौरस इंचाला जवळपास ९ पौंडांनी ढकलायला तयार. फुकटची ताकद! आपल्या नेहमीच्या गाड्यांत ब्रेक हलका करणारा बूस्टर वर्षानुवर्षं याच ताकदीवर चालत आला.

पण ही ताकद लहरी आहे. पाय दाबला, चढ आला, की मॅनिफोल्डमधली पोकळी जवळजवळ नाहीशी होते. म्हणून गाडीत एक टाकी दिलेली असते, पोकळी साठवायची टाकी. आपल्या पुण्या-मुंबईच्या इमारतींवर पाण्याची टाकी असते ना, तशी. महापालिकेचं पाणी गेलं तरी नळ चालू राहावा म्हणून. आणि मॅनिफोल्ड व टाकी यांच्या मध्ये आपला फूटव्हॉल्व्ह. इथे त्याला चेक व्हॉल्व्ह म्हणतात. टाकीतली हवा इंजिनाकडे जाईल, पण इंजिनाकडची हवा टाकीत येणार नाही. जोडीला नळीत एक छोटा फिल्टर.

टाकीपासून पुढे दोन फाटे, एकेका दिव्याकडे. प्रत्येक दिव्यामागे एक पत्र्याचा डबा, त्याचं नाव ॲक्चुएटर. डब्यात मध्ये रबरी पडदा आणि पडद्याला जोडलेली दांडी. पडद्याच्या एका बाजूची हवा काढली की दांडी एकीकडे सरकते, दिवा वर. दुसऱ्या बाजूची काढली की दिवा खाली. कोणत्या बाजूची काढायची हे ठरवायला प्रत्येक दिव्याचा एक रिले असतो. त्याला मी स्टेशनवरचा सांधेवाला म्हणतो. खटका ओढला की बारीक नळीतून सांधेवाल्याला निरोप जातो, आणि तो मोठ्या नळीतला रस्ता बदलतो. स्टिअरिंगखाली आणखी एक छोटा खटका असतो, ओव्हरराइड. दिवे न लावता नुसते वर काढायला, काचा पुसण्यासाठी.

झालं. यात कुठेही वीज नाही, कॉम्प्युटर नाही. आहेत त्या नळ्या, पडदे आणि जोड. दिवे हळू होतात त्याला कारणंही मग दोनच: कुठेतरी बाहेरची हवा आत शिरते आहे, नाहीतर कुठेतरी वाट अडली आहे किंवा बिजागरं कोरडी पडली आहेत. प्रश्न फक्त कुठे एवढाच.

आता माझी चूक सांगतो. त्या रात्रीनंतर मी घाबरलो होतो. स्वतः शोधत बसण्याऐवजी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ॲक्चुएटर गेले. दोन्ही बदलले. नऊशे डॉलर! गॅरेजच्या आवारात इंजिन आयडलवर ठेवून दिवे उघडून दाखवले, जरा बरे वाटले. मी पैसे देऊन आलो. आठवड्याने चढावर पुन्हा तीच रडकथा. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. चाळीस वर्षं कारखान्यात इतरांना सांगत आलो की, आधी दोष शोधा मग भाग बदला, आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी एक प्रश्नही न विचारता चेक फाडला.

मग एका शनिवारी मी वही घेऊन गॅरेजमध्ये बसलो. आपल्या घरच्या गॅरेजमध्ये. आणि गाडीला चार प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: दोन्ही दिवे हळू आहेत की एकच? दोन्ही असतील तर दोष फाटा फुटण्याच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डचा जोड, फिल्टर, चेक व्हॉल्व्ह, टाकी किंवा मुख्य नळी. एकच असेल तर दोष त्या फाट्यावर, म्हणजे त्याचा रिले, त्याचा ॲक्चुएटर, त्याच्या नळ्या, नाहीतर कोरडी बिजागरं. माझं उत्तर होतं: चढावर दोन्ही, आयडलवर फक्त डावा. याचा अर्थ दोष एक नव्हता, दोन होते. गॅरेजवाल्याचं आणि माझं इथेच चुकलं होतं. आम्ही दोघंही एका दुखण्याला एकच औषध शोधत होतो.

दुसरा प्रश्न: आयडलवर बरे आणि चढावर वाईट, असं आहे का? असेल तर साठवण गळते आहे. याची सोपी परीक्षा अशी. इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबा आणि मग दिवे उघडा. यंत्रणा निरोगी असेल तर टाकीतल्या शिल्लक पोकळीवर दिवे एकदा तरी व्यवस्थित वर येतात. माझे पाच मिनिटांनी हललेसुद्धा नाहीत.

तिसरा प्रश्न: वर येताना हळू की खाली जाताना, की दोन्हीकडे? दोन्हीकडे हळू असेल तर ॲक्चुएटरचा पडदा फाटलेला असू शकतो. एकाच दिशेला हळू असेल तर दांडी जिथून बाहेर येते तिथलं सील बघायचं, कारण ते डब्याच्या एकाच कप्प्याला असतं.

चौथा प्रश्न: ओव्हरराइडने दिवे चपळ आणि मुख्य खटक्याने सुस्त, असं आहे का? असेल तर बिचाऱ्या दिव्यांचा दोष नाही, डॅशबोर्डवरच्या खटक्याचा आहे. माझ्या गाडीत दोन्हीकडून सारखंच होतं, म्हणजे खटका निर्दोष.

हे चारही प्रश्न विचारायला एक डॉलर लागला नाही, एक पाना लागला नाही. वही, पेन्सिल आणि सेकंदकाट्याचं घड्याळ.

यानंतर हत्यारं. हाताने दाबायचा एक छोटा व्हॅक्यूम पंप मिळतो, त्यावर गेज असतं. सुरुवात नेहमी अशा गोष्टीपासून करावी जी हाताने कळते. इंजिन बंद करून, नळी सोडवून, पोकळी निघून गेल्यावर दिवे हाताने वरखाली केले. उजवा लोण्यासारखा, डावा जरा कुरकुरला. बिजागरं पुसली, ग्रीस लावलं. मग नवे ॲक्चुएटर तपासले. पंपाने १५ इंच पोकळी दिली, मिनिटभर काटा हलला नाही. म्हणजे नऊशे डॉलरचे भाग उत्तम होते, फक्त त्यांची गरज नव्हती!

मॅनिफोल्डवर गेज लावलं: १८ इंच. इंजिनही निर्दोष. टाकीच्या नळीवर लावलं: १८ इंच. आणि इंजिन बंद केल्याबरोबर काटा घसरगुंडीवरून खाली आला. आता काय करायचं? इथे एक गंमत सांगतो. टाकीकडून निघणाऱ्या नळ्या एकेक करून बंद करायच्या, त्यासाठी बुचं लागतात. कॉर्व्हेटवाल्यांचं आवडतं बूच म्हणजे गोल्फची टी, चेंडू ठेवायची ती लाकडी खुंटी. निमुळती असल्यामुळे कुठल्याही मापाच्या नळीत बसते. मी आयुष्यात गोल्फ खेळलो नाही, पण माझ्याकडे शंभर टी आहेत. दोन्ही दिव्यांचे फाटे टी लावून बंद केले, तरी काटा पडतच होता. म्हणजे गळती अलीकडे. चेक व्हॉल्व्ह काढला आणि पंप लावून पाहिलं तर हवा दोन्ही दिशांनी जात होती. आमच्या काकांचा गळका फूटव्हॉल्व्ह! चढावर इंजिनाची पोकळी गेली की टाकीचीही जात होती. त्या रात्री नेमकं हेच झालं होतं. वीस डॉलरच्या आत नवा व्हॉल्व्ह आला. फिल्टरही बदलला. चढावर दोन्ही दिवे सुधारले.

डावा मात्र अजून सात सेकंद घेत होता.

पुढचं काम कानाचं. इंजिन चालू ठेवायचं, दोन-तीन फूट रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला आणि दुसरं जोडांवरून फिरवायचं. स्टेथोस्कोपच म्हणा. जिथे हवा आत शिरते तिथे बारीक 'हिस्स' असा आवाज येतो. मी तासभर नळी फिरवली. काही नाही. मी निष्कर्ष काढला की गळती नाही, आणि पुन्हा ॲक्चुएटरवर संशय घेऊ लागलो.

त्या शनिवारी नात आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा दहा वर्षांची. "आजोबा, मला द्या ना ती नळी." मी दिली. केस मागे घट्ट बांधायला लावले, पंख्यापासून लांब उभं केलं. अर्ध्या मिनिटात ती ओरडली, "आजोबा, इथे साप आहे!" डावा रिले. मी नळी घेऊन नेमकी तिथे धरली. मला काहीही ऐकू आलं नाही. तिने परत ऐकलं. "किती मोठ्याने करतोय! तुम्हाला नाही येत ऐकू?"

मंडळी, गळती होतीच. मला ती ऐकू येत नव्हती. उंच पट्टीचे आवाज वयाबरोबर आधी जातात, आणि जातात ते आपल्याला न कळवता. ही दोन वर्षं सांगत होती, "तुम्ही टीव्ही फार मोठा लावता." मी म्हणायचो, तू हळू बोलतेस. त्या दिवशी रिलेबरोबर माझंही निदान झालं. पुढच्या महिन्यात कान तपासून घेतले. हे जे कानामागे दिसतं आहे ते तेव्हापासूनचं.

तरीही, फक्त आवाजावर भाग बदलायचा नाही. एकदा पोळलो होतो. दोन्ही बाजूंचे रिले सारखेच असतात, म्हणून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. नातीच्या हातात घड्याळ दिलं आणि खटका ओढला. डावा टुणकन वर आला, आणि आता उजव्याने डोळा मारला! दोष रिलेबरोबर पलीकडे गेला होता. याहून पक्का पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही. अदलाबदलीची ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती खोटं बोलत नाही. नवा रिले आला, बसवला. नात मोजत होती: "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी..." तिसऱ्या मिसिसिपीच्या आत दोन्ही दिवे वर.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, किंवा ज्यांच्या शेजाऱ्याकडे आहे, त्यांच्यासाठी थोड्या सूचना. नळ्यांवर रंगीत रेघा असतात. एक काढा, तपासा, लावा, मगच दुसरी. सगळ्या एकदम काढल्या तर दिवाळी तिथेच साजरी करावी लागेल. नळीचं टोक कडक झालं असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवा, बरेचदा तेवढ्याने भागतं. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची नळी लावू नका, इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि पोकळीने चिपकते. १९६८ ते १९७२ च्या गाड्यांत वायपरवरचं झाकणही याच व्हॅक्यूमवर उघडतं, तेव्हा तिकडची गळतीसुद्धा तपासा. इंजिन चालू असताना दिव्याच्या फटीत बोटं घालू नका. तो झटका वाईट असतो. आणि सैल बाही, ओढणी, पदर काहीही पंख्याजवळ नको.

डेन्व्हरला माझा एक मित्र आहे, त्याचीही अशीच गाडी. त्याने सगळ्या नळ्या बदलल्या तरी दिवे सुस्तच. त्याला मी म्हटलं, तू राहतोस कुठे ते बघ. दर हजार फुटांना साधारण एक इंच पोकळी कमी होते, आणि डेन्व्हर आहे ५,२८० फुटांवर. पाच इंच तिथेच गेले. त्यात त्याने इंजिनाला जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट बसवलेला, त्यानेही आयडलची पोकळी घटते. त्याच्या यंत्रणेत दोष नव्हताच. त्याने विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप जोडला आणि सुखी झाला. काही जण व्हॅक्यूम काढून टाकून सरळ विजेच्या मोटरी लावतात. त्यात वाईट काही नाही. मला मात्र ती गळती शोधण्यातच आनंद आहे.

शेवटचं. त्या दोन दिव्यांनी मला ती रात्र दाखवण्याआधी दोन वर्षं इशारा दिला होता. चार सेकंद, मग पाच, मग सात. मी त्याला गाडीची गंमत म्हणत होतो. घरात, शरीरात, नात्यांत बारीक गळती अशीच असते. ती अंगवळणी पडते आणि आपण म्हणतो, वय झालं, चालायचंच. पण तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद. जास्त लागायला लागले त्याच दिवशी वही घेऊन बसावं आणि विचारावं, दोन्ही की एकच? आणि आपल्याला 'हिस्स' ऐकू येत नसेल, तर ज्याला येतं त्याच्या हाती नळी द्यावी.

आता नात गाडी चालवायला शिकते आहे. कॉर्व्हेट तिला अजून दिलेली नाही, पण संध्याकाळी निघण्याआधी दिवे उघडून सेकंद मोजायचं काम तिचंच आहे. आणि शेजारच्या सीटवर तिची आजी पुन्हा बसू लागली आहे. आज तुम्हाला एवढंच सांगायचं होतं.

हिने घड्याळ काढलेलं दिसतंय. तेव्हा थांबतो. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. तुमचे सगळे दिवे वेळेवर लागोत!